मुठीतली हळद

लाल आणि हिरवा, दोन्ही बावटे घडी करून ह्यांनी स्टेशनमास्तरांच्या टेबलावर ठेवले आणि भर दुपारी घरी आले. मी भाकरी थापत होते. दारातूनच म्हणाले, नोकरी सोडली. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलथायचं सुचलं नाही.

लोणावळ्याच्या स्टेशनात हे अकरा वर्षं सांधेवाले होते. घाट चढून आलेली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, त्याचा सांधा ओढायचा. पक्की नोकरी, राहायला रेल्वेची खोली, अंगात निळा कोट. माझ्या माहेरी त्या कोटाला जो मान होता तो जावयालासुद्धा नव्हता. आणि हे सगळं सोडून करायचं काय, तर खेडोपाडी फिरून पोरांना देवी टोचायच्या. पगार निम्मा.

मी तोंडाची फटकळ. त्या दिवशी जे तोंडाला आलं ते बोलले. लोक कुत्री अंगावर सोडतील म्हटलं, बाया शिव्याशाप देतील म्हटलं, डोकं फिरलंय का, तेही विचारलं. हे पाणी प्यायले. मग एवढंच म्हणाले, "आपली शेवंती ऱ्हायली असती."

शेवंती आमची एकुलती एक. टोचणारा चाळीत आला होता तेव्हा मीच तिला भाताच्या कणगीत लपवली होती. चार वर्षांची पोर, तिला वाटलं खेळच चाललाय. तोंडावर हात दाबून हसत बसली होती. पुढच्या चैत्रात देवी आल्या आणि नवव्या दिवशी ती गेली. कणगीची गोष्ट ह्यांना शेजारणीकडून कळली. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन वर्षं हे कामावर जात होते, येत होते, जेवत होते. पुण्याला टोचायचं शिकायला जाण्याचा अर्ज पेटीत कपड्यांखाली ठेवलेला मला मागाहून सापडला. घड्या पडून पडून कागद चिरला होता. किती वेळा बाहेर काढला असेल आणि भिऊन परत ठेवला असेल, देव जाणे.

शिकून आल्यावर आम्ही कामशेतला बाजारात खोली घेतली. बायकांच्या घोळक्यात परक्या पुरुषानं शिरायचं कसं, म्हणून मीही ह्यांच्याबरोबर फिरू लागले. गावं कशीबशी ऐकत. पण वडिवळ्याच्या वर डोंगरात ठाकरांची वाडी होती, तिथं आम्ही दिसलो की माणसं पोरांना घेऊन रानात निघून जात. दोनदा आम्ही रिकाम्या वाडीतून परत आलो. तिसऱ्या खेपेला सावित्राबाई घरी सापडली. तिची चिंगी सहा वर्षांची, आईच्या लुगड्यामागे लपलेली. मी अंगणात बसले, पान खाल्लं, दिलं. हळूहळू सावित्रा बोलली. टोचलं तर देवीला राग येईल, एवढंच तिचं भय होतं. त्यात तिला काय हसायचं? तेच भय पोटात घेऊन मी पोर कणगीत घातली होती.

म्हणून मीच तोड काढली. तिला म्हटलं, देवीपुढची हळद आण. टोचलं की लगेच वर लावू, तिचा मान राहील.

सावित्रा हळद घेऊन आली. तिचं बघून बाकीच्या बायाही पोरं घेऊन आल्या. बारा पोरं रांगेत. पहिली चिंगी. ह्यांनी छोट्या सुरीनं दंडावर ओरखडे काढून लस घातली आणि मी वरून हळद दाबली. "आदी वाळू द्यावं लागतं," हे हळूच म्हणाले. मी म्हटलं, देवीचा मान राखला तर काय बिघडलं? ह्यांनी त्या रांगेकडे बघितलं. इतकी पोरं त्या वाडीत कधी एका जागी उभी राहिली नव्हती. मग दुसऱ्या पोराचा दंड धरला.

आठव्या दिवशी फोड उठलाय का, म्हणजे लस लागली का, ते बघायचं असतं. हे हिवतापानं पडले होते, म्हणून मी गेले. दंडांवर हळदीची खपली. देवीची हळद धुवायची नाही, आपसूक पडेल तेव्हा पडेल, असं बायांनी सांगितलं. मी वरून हात लावला, सुजल्यासारखं लागलं. घरी येऊन सांगितलं, सगळ्यांचं उठलंय. त्या रात्री हे तापातसुद्धा स्वस्थ झोपले.

चैत्रात वाडीवर देवी आल्या. बारातली पाच पोरं गेली. चिंगी पहिली.

पुण्याहून मोठे साहेब आले. टोचल्यावर वरून काय लावलं, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "हळद. मीच लावू दिली." ओली लस हळदीनं मेली, पोरं टोचून न टोचल्यासारखीच राहिली, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मी दाराआड उभी होते. माझी ही जीभ, जी कधी थांबत नाही, ती त्या दिवशी हलली नाही. लाज वाटते मला अजून.

डोंगरात जायला दुसरा माणूस मिळेना म्हणून ह्यांची नोकरी टिकली. पण हे नुसते भिंतीला टेकून बसायचे. पावसाळा तसाच गेला. एक दिवस रेल्वेतला जुना सोबती मारुती आला. मास्तर परत घ्यायला तयार आहेत, म्हणाला. तो गेल्यावर ह्यांनी पेटीतला निळा कोट काढला, झटकला, मांडीवर घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, घालावा असंच मला वाटत होतं. तेव्हा तोंड उघडून मी तसं म्हटलंही.

"तिथं सांधा चुकला तर लाल बावटा तरी दावता येतो, हितं न्हाई," हे म्हणाले. बराच वेळ कोटाची बटणं चाचपत राहिले. मग कोट पेटीत ठेवला. "कार्तिकात वाडीवर जायाचं हाय. तू नगं येऊस."

मी गेलेच.

या खेपेला कुणी रानात पळालं नाही. आम्हाला बघून घराघराच्या ताट्या लागल्या, तेवढंच. सावित्रा मात्र अंगणात तान्ह्याला घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. पान नाही, सुपारी नाही. म्हटलं, "ह्यांनी न्हाई, हळद मी लावायला सांगितली. तिच्यानंच लस मेली. आन् उठलंय म्हणून मीच सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली, ताटी लावून घेतली. हे म्हणाले, चल. मी ताटीसमोरून हटले नाही.

ताटी उघडली. सावित्रानं तान्ह्याचा दंड उघडा करून पुढे धरला. दुसऱ्या हाताच्या मुठीत हळद होती.

ह्यांनी टोचलं. ऊन लागू नये म्हणून मी पदर आडवा धरला. पोर रडून रडून थकलं. सावित्राची मूठ दंडाच्या अगदी जवळ होती. घामानं हळद बोटांच्या फटीतून पिवळी गळू लागली, तरी तिनं मूठ उघडली नाही.

"वाळलं का, मावशी?"

"अजून थोडं," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं ह्यांनी मान डोलावली. सावित्रानं पोर माझ्याकडे दिलं आणि उठली. घरामागच्या उतारावर चिंगीला जिथं पुरलं होतं, तिथल्या दगडावर तिनं मूठ उघडली. हळदीचा गोळा झाला होता. तो सुटेना, मग तिनं हात दगडावर पुसला.

पुढचं घर कान्हूचं. त्याचीही दोन गेली होती. ह्यांनी अंगणाबाहेरूनच हाक दिली. आतून पोराचा आवाज आला आणि लगेच कुणीतरी त्याचं तोंड दाबलं. हे लशीची पेटी खाली न ठेवता तिथंच उभे राहिले. मीही राहिले.