उतरू का?

मी एक जुनी लाकडी बोट आहे. मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, कुणास ठाऊक. तरी सांगते.

सीडरच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. आधी मी सामन मासे वाहिले. मासे कमी झाले, तशा माझ्या पोटात छोट्या खोल्या बांधल्या आणि मी उत्तरेच्या बेटांमधून पाहुणे नेऊ लागले. देवमासे दिसले की पाहुणे हरखून जायचे आणि माझ्या कठड्यावर मायेने हात ठेवायचे.

शेवटचा मुक्काम त्या बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या, हैदा लोकांच्या, एका जुन्या गावी असे. देवीच्या साथीत ते गाव कधीचंच ओस पडलं होतं. पूर्वजांच्या आठवणीसाठी कोरलेले लाकडी खांब शेवाळात आडवे झाले होते. उन्हाळ्यात त्यांची राखण नानी हेझल करायची. तिथली रीत अशी, की पाण्यातच थांबायचं, विचारायचं आणि किनाऱ्यावरून उत्तर आलं तरच उतरायचं.

माझं सुकाणू नानीचा मुलगा रसेल धरायचा. इंजिन बंद करून तो नाळेवर, माझ्या पुढच्या टोकावर, उभा राही आणि आपल्या भाषेत हाक देई.

"लांबून आलोय, दमलोय. उतरू का?"

"कोण रे तू?"

"तुझाच मुलगा, आई."

"माझा मुलगा केस कापून येणार होता. हे अस्वल कुठलं?"

"अस्वलाने माशांची गाबोळी आणलीय."

"मग ये. पावलं जपून टाका म्हणावं, माझी माणसं निजलीत इथे."

एका शरद ऋतूत माझा नांगर समुद्रातल्या शेवाळात अडकला. तो सोडवायला रसेल छोटी होडी घेऊन गेला. वारा फिरला. होडी सापडली, रसेल सापडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, रसेलनंतर माझं सुकाणू धरणाऱ्या कॅप्टन लॉरेनने मला तिथे नेलं. नानीसाठी बादलीभर वाळलेली गाबोळी घेतली होती. लॉरेनने इंजिन बंद केलं आणि रसेलने शिकवलेल्या शब्दांत विचारलं, "उतरू का?"

नानी किनाऱ्यावर उभी होती. डोळ्यांवर हात धरून ती माझ्या नाळेकडे पाहत राहिली. बोलली नाही.

"ऐकू गेलं नसेल," एक पाहुणा म्हणाला.

"गेलंय," लॉरेन म्हणाली.

"अहो, समोर तर उभी आहे ती. आम्ही किती लांबून आलोय!"

"तिने या म्हटलेलं नाही."

ओहोटी लागेपर्यंत आम्ही थांबलो. मग नानी पाठ फिरवून झोपडीत गेली. लॉरेनने मला वळवलं. रसेल जिथे गेला, त्या पाण्यात तिने ती गाबोळी सोडली.

त्यानंतर मला कुणी तिकडे नेलं नाही. आता मी धक्क्याला बांधलेली असते. माझा रंग उडालाय. मुलं माझ्यावर उड्या मारतात. खेळा, मित्रांनो. फक्त धक्क्यावरून माझ्यावर उतरण्याआधी जरा थांबा आणि विचारा, उतरू का? मला उत्तर देता येत नाही. पण तो प्रश्न कानी आला, की क्षणभर वाटतं, माझ्या नाळेवर तो उभा आहे.