घरच्या मागाचं कापड

आमच्या घरात लेकीला पोर झालं की आईनं घरच्या मागाचं कापड धाडायचं, पाणी गाळायला. माझ्या आईनं मला धाडलं, मी रक्षाला धाडलं. रक्षाला दिलंय निपाणीकडं, वेदगंगेच्या काठच्या गावात. तिथं नळाला नदीचंच पाणी येतंय, पाऊस झाला की गढूळ. म्हणून मी एकदम बारा तुकडे धाडले, राणी रंगाचे, काठाला शिलाई मारून. घागरीवर चौपदरी बांध, असं चारदा बजावलं. आठ महिन्यांचा नातू हाय. त्याच्या पोटात घाण जाऊ नये, एवढंच मला पायजे हुतं.

गल्लीतली पारमिता कॉलेजात पाण्याचं कायतरी शिकती. नदीच्या पाण्यात प्लास्टिकचे तंतू किती ते बघाय निपाणीकडं जाणार हुती. मीच म्हटलं, माझ्या रक्षाच्या घरचं बी बघ की गं, नळाचं बाटलीभर आन् गाळलेलं बाटलीभर. जुनी रीत काय असती ते कळू दे तुमच्या सरांस्नी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

परवा ती आली तवा मी मागाच्या धाग्याच्या कांड्या भरत बसलोतो. मोबाईल पुढं धरून म्हणाली, "मावशी, नळाच्या पाण्यात लिटरला नऊ तंतू घावले. गाळलेल्यात एकतीस."

"उलटं सांगायलीस. बाटल्या बदलल्या असशील."

"तीनदा बघितलं, मावशी."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नको, असं तोंडावर बोललो.  तिनं गाळलेल्या पाण्याचा भिंगाखालचा फोटो मोठा करून दावला. त्यात राणी रंगाचा तंतू हुता, लांब, वळलेला.

तीस वर्षं कांड्या भरतोय, माझा धागा मी वळखणार न्हाय? आईच्या वेळंला मागावर सूत हुतं. आमचा माग पॉलिस्टरवर, म्हंजे प्लास्टिकच्याच धाग्यावर, गेला त्याला पंधरा वर्षं झाली. रीत तीच ठेवली, धागा बदललाय हे टकुऱ्यात आलंच न्हाय.

"कापड धुतलं, पिळलं की तंतू सुटत्यात," पारमिता म्हणाली.

"पोटात गेलं तर काय होतंय?"

"नक्की अजून कुणालाच म्हाईत न्हाय."

रडू आलं न्हाय. राग बी कुठं गेला कळलं न्हाय. हातास्नी काम न्हवतं म्हणून आणखी एक कांडी भरली.

मग रक्षाला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "आई, कापडं आणखी धाड गं. शेजारणी मागायल्यात. तीन घरांत मी दिली बी."

तिन्ही घरांत बारकी लेकरं हायत म्हणं.

मी सगळं सांगितलं.  ती बोलली, "दोन महिनं झालं, रोज पाजायलोय गं मी त्याला."

"व्हय. माझंच चुकलं. ती कापडं काढ, शेजारणींची बी परत घे. बाजारातनं सुती आण."

आयुष्यात पहिल्यांदा लेकीला कापड इकत आण म्हणून सांगितलं.

"आणतो. आन् नदीतनंच जे तंतू येत्यात त्यांचं काय करू?"

 तिच्या मागं पोरगं रडत हुतं.

"पाण्याला रडतोय, आई. त्याच कापडानं गाळलेली वाटी भरून ठेवलीया. पाजू काय?"

मी फोन ह्या कानावरनं त्या कानाला घेतला.

"पाज," म्हटलं.