ओळंब्याची मिशी

त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. एक तर त्याची भिंत सुतात सरळ असे, आणि आपण स्वतः त्या भिंतीहून सरळ आहोत हे तो भेटेल त्याला ऐकवत असे. त्याला अभिमान दोनच गोष्टींचा: इंजिनियर झालेली लेक आणि तीस वर्षं तेल पाजून वाढवलेली मिशी. एक दिवस त्या दोघींचीच जुंपली.

लेक चार पोती घेऊन घरी आली. आत पाडलेल्या घरांच्या विटांची भुकटी, दळलेल्या काचा आणि कपबश्यांचा चुरा.

"बाबा, वाळू संपत चाललीय. सिमेंटच्या मालातली अर्धी वाळू काढून हे घालायचं. शाळेची कुंपणभिंत अशीच बांधू या."

"उकिरड्याची भिंत?" ओळंबा एवढा हसला की मिशीची टोकं कानांना भेटून आली. "ती माझ्या भिंतीपेक्षा जास्त टिकली, तर ही मिशी उतरवीन!"

"अहो, जरा विचार करून बोलावं," बायको आतून म्हणाली.

पण पैज लागली ती लागलीच. परसात छातीएवढ्या दोन भिंती बांधायच्या ठरल्या. लेकीने माल दाराआड कालवला आणि कुठल्या भिंतीला कुठला, ते फक्त आपल्या वहीत लिहिलं. बांधल्या मात्र दोन्ही ओळंब्यानेच, कारण त्याच्या थापीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. उकिरड्याची वाटेल ती भिंत मुद्दाम वाकडी बांधायचा त्याचा बेत होता, पण हात ऐकेनात. दोन्ही सरळ आल्या.

"डावी माझी," त्याने मनाशी ठरवून टाकलं. "थापीला वाळू बरोबर कळते."

नव्या भिंतीला महिनाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर सांधे कच्चे राहतात. लेक दिवसभर कामावर, म्हणून ते काम ओळंब्याकडे आलं आणि इथेच त्याची नियत जरा तिरकी झाली. डावीला दिवसातून तीनदा पाणी, वर ओली गोणपाटं, शिवाय "पी बाई, पोटभर पी" असा लाडिक आग्रह. उजवीला तोंडदेखला शिंतोडा. ऊन वाढलं की तो डावीवर छत्री धरून उभा राही, आणि बायको खिडकीतून बघून कपाळाला हात लावी.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेजारचा लोहार घण घेऊन आला. उजवी चौथ्या घावाला आडवी झाली. डावीने दहा घाव खाल्ले आणि तिचा नुसता एक कोपरा निखळला.

"बघा!" ओळंब्याने मिशीला पीळ भरला. "शेवटी वाळू ती वाळू!"

लेकीने वही उघडण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तिने तो कोपरा उचलून त्याच्या हातात ठेवला. सांध्यात एक निळं फूल दिसत होतं.

"हा तर माझा कप!" बायको पुढे आली. "मांजराने फोडला म्हणाला होतात ना? तुकडे तुमच्या हत्यारांच्या पिशवीत निघाले, म्हणून मीच ते हिच्या पोत्यात टाकले. मांजर गवंडीकाम शिकतंय वाटतं?"

'उजवीला मी धड पाणीच मारलं नाही' एवढं ओळंब्याने कबूल केलं की पैज रद्द होणार होती आणि मिशी वाचणार होती. शब्द ओठांपर्यंत आले. पण मग त्याला पुन्हा ओळंबा कोण म्हणणार? तो अगदी रडायच्या बेताला आला.

"वस्तरा आण," तो बायकोला म्हणाला.

मिशी कागदावर पडली तशी लेकीने तिची पुडी बांधली. "फेकायची नाही. पूर्वी गिलाव्यात केस घालायचे, पकड येते म्हणून. शाळेच्या भिंतीत जाऊ दे."

शाळेच्या भिंतीचा पहिला थर ओळंब्यानेच घातला, मिशीसकट. ओठावर गार वारा लागत होता. मिशीचं दुःख होतंच, पण लेकीचा माल थापीवरून लोण्यासारखा उतरत होता आणि तिचं कौतुक काही पोटात मावत नव्हतं. तो तसं म्हणालासुद्धा.

लेक हसली आणि पाण्याची नळी त्याच्या हातात देत म्हणाली, "बाबा, आता सगळीकडे सारखं पाणी मारा. तेव्हाही मारलं असतंत, तर दोन्ही भिंती बरोबरीत सुटल्या असत्या आणि तुमची मिशी वाचली असती. आणि हो, छत्री घरीच राहू द्या."