सॅम्पलातलं अधुरं फूल

हैद्राबादच्या दुकानाचं उर्दू पत्र. गौहरला सगळं कळलं, एक शब्द सोडून.

सॅम्पल.

टपालवाल्या बद्रीनाथनं तो उलगडला. "अत्तरवाला मनगटाला बोट लावतो नाय का भाभी, तसं. वीतभर हिमरू कापड पाठवा. आवडलं तर अख्खं थान घेतील."

गौहरनं मागाकडं पाहिलं. महिनाभर मुका. नवरा मोहियोद्दीन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसता बसायचा. काम आलं नाही, तर माग मोडून लाकडं विकायची ठरली होती.

मोहियोद्दीननं घरातल्या शेवटच्या थानाच्या टोकाची वीत कापली. मधून कापायला जीव धजेना.

मग दिवस पाणचक्कीच्या पाण्यासारखे, वरून थांबलेले, आतून वाहते. भाकरी थापताना गौहरला दिसायचं: वीत आगगाडीत खिडकीशी बसलीय. तिच्यातली फुलं वाऱ्यानं हलतायत. कुणीतरी विचारतंय, कुठल्या बागेतली? वीत म्हणतेय, औरंगाबादची.

सॅम्पल: बागेनं पाठवलेलं बोट.

उत्तर आलं. "एका फुलाला चौथी पाकळी नाही. काय नजाकत! पन्नास वार हवं. प्रत्येक फूल तसंच, सॅम्पलाबरहुकूम."

गौहरनं कपाळावर हात मारला. थानाच्या टोकाला एक फूल अधुरं सोडायचं, ही मोहियोद्दीनच्या घराण्याची रीत. पुरं करणं अल्लाचं काम. नेमकी तीच वीत गेली होती!

सॅम्पल: आता हुकूम.

"नक्को," मोहियोद्दीन म्हणाला. "सगळीच अधुरी, मग अल्लासाठी काय सोडू? विका लाकडं."

गौहर मागावर चढली. पाकळ्या उठवणारे नक्शाचे दोर वरून तीच ओढायची.

"अजी, पुरं फूल त्याचं ना? मग टोकाचं एक पुरं करा. त्याचं त्याला."

खड्ड्यातून हसू.

"बडी मौलवीण!"

धोटा सुटला.

तीन महिने तीन पाकळ्या. गौहर चौथीचा दोर ओढायचीच नाही. तो लोंबत, डुलत, झोपेतल्यासारखा. शेवटच्या विती‌ला तिनं तो ओढला. खाली रेशीम उमललं. मोहियोद्दीननं त्यावर बोट ठेवलं, हळूच, अत्तर लावावं तसं.

"आणि याचं सॅम्पल मागितलं तर?"

"द्यायचं नाय," वरून गौहर म्हणाली.