ताईच्या मागचा आवाज

दाजींनी तो हेडफोन पहिल्यांदा डोक्यावर चढवला तेव्हा कानसेनाने एवढंच विचारलं, "दाजी, याला हिरवे दिवे कशाला?"

"अंधारात सापडावा म्हणून," दाजी म्हणाले.

त्या दिवसापासून कानसेनाच्या डोक्यात जी तिडीक उठली ती बावीस दिवस गेली नाही.

कानसेन हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. बायकोने चेष्टेत ठेवलं आणि सगळ्या गोतावळ्यात रुळलं. देवाने गळा दिला नाही त्याची भरपाई कानांत केली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लोकांकडून पुस्तकं वाचून घ्यायची, ती ध्वनिमुद्रित करून, साफसूफ करून प्रकाशकाला द्यायची, हा त्याचा धंदा. मागच्या खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. मधे टेबल, टेबलावर मायक्रोफोन. शेजारच्या खोलीत खिडकीपाशी त्याचा संगणक, आणि खुर्चीमागच्या खुंटीवर त्याचा जीव की प्राण, म्हणजे लाकडी कड्यांचा, मखमली गाद्यांचा, उघड्या पाठीचा हेडफोन. उघड्या पाठीचा म्हणजे कानांवरच्या वाट्या मागून जाळीच्या. आवाजाला कोंडायचं नाही, त्याला हवा लागू द्यायची. हे वाक्य घरातल्या मांजरालाही पाठ झालं असेल.

आणि त्याच घरात आता दाजी सकाळ-संध्याकाळ तो दिवेवाला डबा कानांवर घालून लॅपटॉपवरच्या खेळात रणगाडे चालवत बसत.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, शांत, आणि शांतपणे हट्टी. ते हौसेने मेहुण्याकडे राहायला आले नव्हते. ताईच्या स्वरतंतूंवर गाठ निघाली होती. गाठ साधी होती, जिवाला भीती नव्हती, पण ती काढल्यावर आवाज कसा परत येईल हे सांगायला घशाचे डॉक्टर तयार नव्हते. घोगरा येईल, जाड येईल, कदाचित नुसती कुजबुजच उरेल. साडेतीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी इथल्याच दवाखान्यात शस्त्रक्रिया. तोवर दिवसाला एक तास बोलायची परवानगी, बाकी कडक मौन.

ताईने तीस वर्षं शाळेत मुलांना पुस्तकं वाचून दाखवली होती. आता निदान एक अख्खं पुस्तक आपल्या आवाजात मागे राहावं, एवढंच तिने भावाजवळ मागितलं. कानसेनाने प्रकाशकाशी बोलून एक कादंबरी मिळवली. बावीस प्रकरणं, बावीस दिवस. रोजचा तो एक तास ताई मायक्रोफोनला द्यायची आणि उरलेले तेवीस तास चिठ्ठ्या लिहायची. 'पंखा.' 'चहात साखर कोणी घातली?' 'यांना सांग, चष्मा कपाळावर आहे.'

त्यामुळे दाजींना बोलायला घरात कोणी उरलं नव्हतं. बायको मौनात, मेहुणा दिवसभर कान झाकून बसलेला, मेहुण्याची बायको महिनाभर माहेरी गेलेली. मग माणूस रणगाडे नाही चालवणार तर काय करणार? पण कानसेनाला हे सुचायला हवं ना. त्याला दिसत होते फक्त ते हिरवे दिवे.

"माझ्यात पावलंसुद्धा ऐकू येतात," दाजी चहाच्या वेळी सांगायचे. "शत्रू डावीकडून येतोय की मागून, सगळं कळतं."

"दाजी, ती पावलं मुद्दाम फुगवलेली असतात. पावलं आवाजाच्या ज्या पट्ट्यात असतात तो पट्टा कंपनीने वर चढवून ठेवलाय. खाली स्फोटांसाठी धडधड वाढवलीय. खरा आवाज असा नसतोच. तुम्ही जे ऐकता ते खोटं आहे."

"पण पावलं ऐकू येतात ना?"

"येतात. म्हणून काय झालं?"

"मग बास की."

पालथ्या घड्यावर पाणी. कानसेन दात-ओठ खात उठायचा आणि जाता जाता म्हणायचा, "गाणं ऐकून बघा एकदा त्यात. सगळा चिखल आहे." दाजी मान डोलवायचे, जसं काही पटलंच आहे, आणि पुन्हा डबा चढवायचे. एकदा तर त्यांनी बायकोच्या भावाला समजावलं की तुमच्या हेडफोनला मागून भोकं आहेत, ती बुजवून घेतलीत तर आवाज वाया जाणार नाही. त्या दिवशी कानसेन जेवला नाही.

गुरुवारी बाविसावं प्रकरण संपलं. शुक्रवारी दुपारपर्यंत कानसेनाने सगळ्यावर शेवटचा हात फिरवला. संध्याकाळी पुस्तक प्रकाशकाकडे जायचं होतं. तो खुशीत होता. ताईचा आवाज असा उतरला होता की त्यानेच प्रकाशकाला लिहून कळवलं होतं, 'आवाजात हवा किती आहे ते ऐका. खोलीत बसून कोणी वाचतंय असं वाटेल.' खुशीत असलेल्या माणसाला दुसऱ्याला शहाणं करायची खाज सुटते. त्याने दाजींना हाक मारली.

"बसा. आज एकदाचा निकाल लावू. हेच प्रकरण आधी माझ्या हेडफोनवर ऐका, मग तुमच्या. आणि मग सांगा."

त्याला वाटलं होतं दाजी टाळतील. दाजी लगेच येऊन बसले. त्यांनी लाकडी कड्यांचा हेडफोन दोन्ही हातांनी, देवघरातली वस्तू उचलावी तसा उचलून कानाला लावला आणि डोळे मिटले. पाच मिनिटं ते हललेही नाहीत.

"काय?"

"छान आहे."

"नुसतं छान?"

"ती बोलतेय तेवढं छान आहे. बाकी जरा सपक वाटतं."

कानसेनाने कपाळावर हात मारला. "सपक नाही हो, खरं आहे. बरं, आता तुमचा लावा."

दाजींनी आपला डबा जोडला, दिवे लागले. पुन्हा डोळे मिटले. कानसेन हाताची घडी घालून उभा राहिला. त्याचं पुढचं वाक्य तयार होतं, 'बघा, चिखल.' दाजींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एकदम मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"हिच्या मागे कोण बसलंय?" ते म्हणाले.

"कोण म्हणजे?"

"कोणीतरी आहे. ती बोलली की मागोमाग तेच बोलतं. हळू, चोरून. बाईच आहे."

"दाजी, खोलीत ताई एकटी होती. तुमच्या त्या डब्यातच काहीतरी वाजत असेल."

"डब्यातलं मला माहीत आहे. हे तिच्या मागे आहे. मागून कोणी आलं तर मला कळतं, दुसरं काही नाही तरी एवढं कळतं."

कानसेनाचा संयम संपला. त्याने तो हेडफोन जवळजवळ हिसकावून आपल्या कानांवर दाबला. वाट्या घट्ट होत्या, कान चेपले, बाहेरचं जग बंद झालं. ताईचा आवाज आला, टोकदार, उगाच पुढे ढकललेला, त्याला नको होता अगदी तसा. 'काय हे कान किटवणारं,' असं त्याच्या मनात येतंय न येतंय तोच ताईच्या एका वाक्याच्या शेवटी, जिथे ती थांबली होती तिथे, दुसऱ्या कोणीतरी तिचा शेवटचा शब्द अर्धवट म्हटला.

त्याने मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा होता.

मग त्याने उठून डोक्यावरचा पंखा बंद केला, खिडकी लावली आणि स्वतःचा हेडफोन चढवला. आवाज मोठा केला. त्यातही होता. उलट त्यातच जास्त स्वच्छ होता, शब्द न् शब्द कळत होता. हेडफोनने काहीच लपवलं नव्हतं. बावीस दिवस वरून पंख्याची घरघर जाळीतून आत येत होती आणि तिच्यातून त्या दुसऱ्या आवाजाचं जेवढं हाती लागलं, त्याला कानसेन कौतुकाने हवा म्हणत होता.

हा आवाज आला कुठून, हे शोधायला त्याला मिनिटभरही लागलं नाही. वाचणाऱ्याला आपला आवाज कळावा म्हणून त्याच्या कानाला हेडफोन देतात. संगणकातून फिरून आलेला तो आवाज किंचित उशिरा पोचतो. वाट्या बंद असल्या की तो कानातच राहतो. उघड्या पाठीच्या असल्या की जाळीतून बाहेर पडतो आणि समोरच्या मायक्रोफोनमध्ये जाऊन बसतो. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट. त्याने स्वतः दहा वाचकांना शिकवली होती. त्यासाठी ठेवलेला बंद हेडफोन खणात होताही, पट्टी तुटलेला, गाद्यांची सालं निघालेला. पण ताईच्या डोक्यावर तो फाटका डबा? त्याने मोठ्या मानाने आपला लाकडी कड्यांचा हेडफोन तिला घातला होता, आणि पट्टी तिच्या केसांवर नीट बसवून दिली होती.

आणि पहिल्याच दिवशी ताईने बाहेर येऊन चिठ्ठी दिली होती, 'मागून माझाच आवाज ऐकू येतो. असं असतं का?' त्यावर हा शहाणा हसून म्हणाला होता, "चांगल्या हेडफोनला सवय व्हावी लागते, ताई."

दाजी अजून तिथेच बसले होते. "मोठं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"थांबा," कानसेन म्हणाला. त्याने एकेक करून बावीसही प्रकरणं उघडली. बावीसही प्रकरणांत ती दुसरी बाई होती. आवाज साफ करायची जेवढी औजारं त्याच्याकडे होती तेवढी त्याने चालवून पाहिली. मागची बाई जायची, पण जाताना पुढचीलाही ओढून न्यायची. उरायचा तो बादलीत तोंड घालून बोलावं तसा आवाज. असं पुस्तक प्रकाशक घेणार नव्हता, आणि कानसेनानेही ते दिलं नसतं. त्याला लाज वाटली. इतकी की समोर बसलेल्या दाजींकडे बघवेना.

ताई स्वयंपाकघरात टेबलापाशी भाजी निवडत होती. आजचा तास अजून शिल्लक होता. कानसेन समोर उभा राहिला आणि त्याने सगळं सरळ सांगून टाकलं. सारवासारव केली नाही, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. दाजी दारात उभे होते.

ताईने भाजी बाजूला सारली. चिठ्ठ्यांच्या वहीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"सगळं?" ती म्हणाली.

"सगळं. चूक माझी आहे. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

"पण अजून तीन तास आहेत, ताई. आज, उद्या, परवा." कानसेन घाईघाईने बोलायला लागला. "तीन प्रकरणं पुन्हा होतील. पहिलं, शेवटचं आणि मधलं एखादं. बाकीची दुसऱ्या कोणाकडून घेऊ. मी प्रकाशकाला पटवतो. आत्ता बसलो तर पहिलं आज होईल. तो बंद हेडफोन मी चिकटपट्टी लावून—"

"नको."

"अगं, तीन तरी राहतील."

"सगळंच दुसऱ्या कोणाला तरी वाचायला दे."

"ताई, तुला केवढी हौस होती."

"होती. चिडलेय मी, नाही असं नाही. तुझे कान उपटावेत असं वाटतंय, आणि तेवढेच तर तुझ्याकडे धड आहेत." ती थांबली, घसा साफ केला. "बावीस तास मी त्या पुस्तकातल्या माणसांशी बोलले. जी नाहीतच कुठे. आणि हा माणूस रोज संध्याकाळी नुसतं विचारायचा, आज किती पानं झाली?"

"अगं, माझं काय," दाजी दारातून म्हणाले. "तू वाच. मी तर मघाशी ऐकलं तुला. पाच आणि पाच, दहा मिनिटं ऐकलं. बरं वाटलं."

कानसेनाला आत्ता उमगलं की दाजी निकाल लावायला आलेच नव्हते.

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली. "आणि इकडे येऊन बसा."

दाजी येऊन बसले.

"मी मायक्रोफोन इथे आणतो," कानसेन म्हणाला. "जे बोलशील ते निदान—"

"काही आणू नकोस. बसायचं असेल तर बस, नाहीतर जा."

तो बसला.

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. कानसेनाला वाटलं होतं ती काहीतरी मायेचं बोलेल. ताईने बावीस दिवसांची थकबाकी काढली. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणं. मेहुण्याच्या घरी येऊन त्याच्याच हेडफोनची भोकं बुजवायला सांगणं. डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला तो रणगाड्यांच्या गुणांचा हिशोब लिहायला वापरणं. साठी उलटलेल्या माणसाने 'मेलो, मेलो' म्हणून ओरडणं, तेही पलीकडे शस्त्रक्रियेची वाट बघत बायको झोपलेली असताना. चिठ्ठीत हे मावत नाही, म्हणून ती रोज गिळत होती. आता एकेक काढून टेबलावर मांडत होती, वर्गात मांडावं तसं, स्वच्छ उच्चारात, प्रत्येक स्वल्पविरामावर थांबून. कुठे आवाज चढत होता, कुठे चिरकत होता. तिच्या मागे कोणी नव्हतं.

दाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मधेच "बरोबर आहे" म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. चेहरा मात्र असा फुलला होता की कानसेनाने तसा रणगाड्याची मोहीम जिंकल्यावरही पाहिला नव्हता.

"आणि तो ओला टॉवेल," ताई म्हणाली. "चाळीस वर्षं मी सांगतेय, ओला टॉवेल गादीवर टाकू नका, आणि तुम्ही काय म्हणता, तर—"

तिने घड्याळाकडे पाहिलं. तास झाला होता. तिने तोंड मिटलं.

दाजी वाट बघत राहिले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्या टॉवेलापासून सुरू कर," ते म्हणाले. "मी काय म्हणतो ते राहिलंय."

ताईने मान हलवली आणि भाजी पुन्हा पुढे ओढली. कानसेन प्रकाशकाला फोन करायला उठला.