पुसलेल्या चिठ्ठ्या

मी एक जुनी दाबफळी आहे. पाद्रीबाबांची धाकटी बहीण विधवा होऊन त्यांच्याकडे राहायला आली, त्याच वर्षी सुताराने मला घडवले. दोन लाकडी फळ्या, मध्ये टीपकागद आणि आवळायला चामडी पट्टे, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, पाद्रीबाबा मला पाठीला बांधून ओढ्याकाठी, कड्याखाली हिंडत. नेचे माझ्यात दाबून वाळवत. शेवाळ कागदी पुड्यांत ठेवत. प्रत्येक पुडीत शाईने लिहिलेली चिठ्ठी असे: कुठला दगड, कुठला ओढा, कुठला दिवस. त्या डोंगरांतले शेवाळ त्यांच्याआधी कुणी नोंदवलेच नव्हते.

बहीण म्हणे, "दादा, लोक पापं धुवायला तुझ्याकडे येतात, आणि तू दगड खरवडत बसतोस!"

"दगड निदान खोटं तरी बोलत नाहीत, बाई."

"आणि हा मेलेला पाला कशाला साठवायचा?"

"मेलेला नाही गं, वाळलेला. पाणी मिळालं की शेवाळ पुन्हा जागं होतं."

वीस वर्षांत चारशे पुड्या झाल्या. संग्रहालयाने त्या मागवल्या. पण पाठवायच्या आधीच पाद्रीबाबांच्या छातीने दगा दिला. ते अंथरुणाला खिळले.

बहिणीला ते जुने बोलणे आठवले. भावाने डोळे भरून हिरवे पाहावे, म्हणून तिने एकेक पुडी उघडून सगळ्यांवर पाणी शिंपडले. तबके भरून त्याच्या उशाशी आणली. शेवाळ खरेच जागे झाले होते. चिठ्ठ्यांवर मात्र निळे डाग उरले होते.

पाद्रीबाबांनी एक डागाळलेली चिठ्ठी उचलून पाहिली. मग म्हणाले, "छान हिरवं झालंय गं. आता कागद घे. मी सांगतो, तू लिही."

आपण काय पुसून टाकले, ते तेव्हा कुठे तिला कळले. ती रडत रडत लिहू लागली. एकोणीस चिठ्ठ्या झाल्या आणि त्यांचा आवाज बसला. त्या एकोणीस पुड्या तिने पुन्हा वाळवल्या; उरलेल्या ओल्याच राहिल्या आणि आठवडाभरात त्यांना बुरशी आली. संग्रहालयाने एकोणीसच ठेवून घेतल्या.

मी आता मोडक्या खिडकीला टेकू देते. माझे पट्टे उंदरांनी खाल्ले. मित्रांनो, कुणाचे काम जपायचे असेल, तर हात लावण्याआधी त्याला विचारा. नुसती माया पुरत नाही.

बहिणीने विसाव्या चिठ्ठीसाठी कागद घेतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी पाद्रीबाबा वारले. ती चिठ्ठी कोरीच राहिली. बहीण त्याच वर्षी थंडीत गेली.