राणीबागेतले रोडगे

आमचा फिरायला जाणारा ग्रुप म्हणजे तीन जोडपी. पुढे गुणवंतराव, म्हणजे आमचे हे, हात मागे बांधून. त्यांच्यामागे इस्तारीभाऊ आणि हरिदासभाऊ. आणि सगळ्यात मागे आम्ही तिघी, मी, इस्तारीभाऊंची कमळा आणि हरिदासभाऊंची धुरपता. पुरुषांना चालायचं असायचं आणि आम्हाला बोलायचं, म्हणून हे अंतर कधी कमी झालं नाही. तिन्ही पुरुष भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात होते. क्वार्टर सोडल्यावर तिघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले, का, तर रिटायर झाल्यावरही एकमेकांचीच तोंडं बघायची हौस.

त्या शॉपने या माणसांना दोन गोष्टी लावल्या होत्या. पहिली आगीची. नोकरीभर गेटवर यांचे खिसे तपासले गेले; खिशात काडीपेटी सापडली तर नोकरीवर गदा. त्यामुळे रिटायर झाल्याबरोबर हरिदासभाऊंना आग पेटवायचं वेडच लागलं. दिवाळी सरली की त्यांची दारापुढे शेकोटी. सायकलचा टायर म्हणू नका, तुराट्या म्हणू नका, जे हाती लागेल ते जाळायचं आणि लहान पोरासारखं समोर बसून राहायचं. धुरपता म्हणायची, "आमच्या घरी आता माह्यापेक्षा आगीले जास्त मान हाये, बाई."

दुसरी गोष्ट दाराची. धोक्याची घंटा वाजली की बाहेर पडायचं, दार लावायचं, आणि एकदा लावलेलं दार कोणासाठीही उघडायचं नाही. एकापायी दहा जायला नकोत. याची तालीम यांनी इतक्यांदा केली होती की आमचे हे ती जेवताना पाहुण्यांनाही सांगायचे. मी म्हणायचे, "घरी नका लावू तो कायदा, म्हणजे झालं."

दोन हजार दोनच्या डिसेंबरात ठरलं की रोजचा तोच रस्ता पुरे, एक दिवस लांब जाऊ. पोंभुर्ण्याच्या वाटेवर राणीबाग आहे. गोंडराजांच्या काळची. उंच दगडी कमान, पडका कोट, आत तलाव आणि चिंचेची झाडं. सरकारने मध्ये थोडं लॉन लावलं, बाकं टाकली आणि एक निळी पाटी ठोकून अंग काढून घेतलं. कोटाच्या कडेकडेने फिरायचं आणि मग रोडगे करायचे, असा बेत झाला. हिवाळ्यात बाहेर जायचं आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे न खाता परत यायचं, हे आमच्याकडे कोणाला पटत नाही. वांग्याची भाजी आणि वरण घरून नेलं. कणकेचे गोळे आणि पोतंभर गोवऱ्याही घेतल्या.

सुमो प्रणितची, इस्तारीभाऊंच्या भाच्याची. तोच चालवत होता. कमळाला गाडी लागते, म्हणून ती पुढे. धुरपता आणि पुरुष मधल्या सीटवर. मला डब्यांसोबत सगळ्यात मागे कोंबलं. मागच्या दाराचा आतला खटका तुटलेला होता, ते बाहेरूनच उघडायचं. मी जाताना तेवढ्यावरून प्रणितला भरपूर ऐकवलं.

बागेत चिटपाखरू नव्हतं. चौकीदाराच्या खोलीला कुलूप होतं. वारा असा बोचरा होता की कमळाने शाल डोक्यावरून घेतली. हरिदासभाऊंनी चुलीसाठी जागा शोधली ती नेमकी कमानीखाली.

"इथी हवा लागत नाई. पहा कशी पेटते," ते म्हणाले.

कमानीच्या पार वर, काळोखात, पोळी लटकत होती. आग्या मोहोळ. एक नाही, चार-पाच. मान वर करून पाहिलं असतं तर दिसली असती, पण थंडीत कोण मान वर करतं! सगळे गोवऱ्यांकडे बघत होते. आम्ही गावातलीच माणसं, आग्या मोहोळ म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको होतं. फक्त बघायला हवं होतं. हरिदासभाऊंनी गोवऱ्या रचल्या, रॉकेल शिंपडलं, काडी ओढली. त्यांचा चेहरा त्या वेळी इतका खुश होता की मला हसू आलं.

धुरपताचा गुडघा दुखत होता. ती म्हणाली, "तुमी या फिरून. रोडगे उलटाले कोनी तं पायजे." ती आगीजवळ बसली आणि आम्ही कोटाला चक्कर मारायला निघालो. गप्पा झाल्या, फोटो झाले. परत येऊन आम्ही बाहेर सुमोजवळ ताटं आणि भाजीचं गंज-पातेलं काढत होतो, तेव्हा कमळाने विचारलं, "हा कायचा आवाज येऊन राह्यला?"

मग प्रणित ओरडला, "माश्या! गाडीत बसा!"

कसे बसलो ते आठवत नाही. मी होते मागच्या दाराशी, तशीच आत चढले आणि कोणीतरी बाहेरून दार लोटलं. हरिदासभाऊंच्या मानेवर दोन-तीन चावल्या होत्या, इस्तारीभाऊंच्या हातावर. काचा वर गेल्या, दारं लागली. काही क्षणांत समोरची काच काळी झाली. आणि मग कमळा म्हणाली, "धुरपता?"

बाजूच्या काचेतून कमानीखाली ती दिसत होती. पदर तोंडावरून घट्ट ओढून, गुडघ्यात डोकं घालून बसलेली. तिच्या पाठीवर माश्यांचा थर बसला होता. आम्ही सगळे आतून ओरडत होतो. इस्तारीभाऊ म्हणत होते "पळ!", हे म्हणत होते "हलू नोको!", आणि तिला दोन्ही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. प्रणितने गाडी सुरू केली, कमानीपर्यंत नेतो म्हणाला, पण मधे दगडी पायऱ्या. गाडी तिथेच अडली. त्याने हॉर्न वाजवला, तेवढंच.

ती उठली. एक पाय ओढत ती पायऱ्या उतरली आणि आमच्याकडे यायला लागली. मला इतका आनंद झाला! मी म्हटलं, "येऊन राह्यली, येऊन राह्यली, दार उघडा!"

ती हरिदासभाऊंच्या दाराशी आली. तिच्या अंगावर, केसांत, पदरात, हातांवर माश्याच माश्या होत्या. तिने काचेवर थाप मारली. "अवो," ती म्हणाली. मला आवाज आला नाही, पण ओठ कळले. नवऱ्याला ती आयुष्यभर तशीच हाक मारत आली होती.

आमचे हे म्हणाले, "उघडू नोको, हरिदास." घरचा आवाज नव्हता तो, शॉपमधला होता. "सारेच जाऊ."

हरिदासभाऊंनी दाराची दांडी दोन्ही हातांनी धरली. आधी मला वाटलं उघडण्यासाठी धरली. ते रडत होते आणि दांडी सोडत नव्हते. ती बाहेरून खटका ओढत होती आणि ते आतून दार दाबून धरत होते. मी मागून शिव्या दिल्या. नवऱ्याला दिल्या, हरिदासभाऊंना दिल्या, ज्याने तो नियम केला त्यालाही दिल्या. मागच्या दाराला लाथा मारल्या. ते कुठे उघडतंय! मधल्या सीटवरून पुढे जायला बघितलं तर यांनी मला खांद्याला धरून मागे ढकललं. लग्न झाल्यापासून यांनी माझ्यावर कधी हात टाकला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मी पुढे पोचले असते तरी काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही. माझाही जीव तेवढाच भ्यालेला होता.

धुरपताने आणखी थापा मारल्या. मग ती थांबली. काचेला लागून नुसती उभी राहिली. आणि मग वळून बाजूच्या पडक्या भिंतीतून आत तलावाकडे गेली. चालत गेली, पळाली नाही. पाण्यात उतरली, गळ्यापर्यंत, आणि पदराखाली दिसेनाशी झाली.

माश्या पांगल्या तेव्हा प्रणितने गाडी त्याच पडक्या भिंतीतून काठावर नेली. त्याने आणि इस्तारीभाऊंनी तिला उचललं. पाणी बर्फासारखं होतं. ती शुद्धीत नव्हती. वाटेत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचे हात चोळत होते.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तिच्या अंगातून काटे काढायला दोन नर्सा बसल्या होत्या. ती वाचेल की नाही हे डॉक्टर दोन दिवस सांगेनात. व्हरांड्यात आमचे हे म्हणाले, "शुद्धीवर आली तं तिले काई सांगू नोका. तिले आठवत नसन. काऊन उगीच दोघायचा संसार नासवाचा?" इस्तारीभाऊंनी मान हलवली. कमळाने हलवली. माझ्याकडे सगळे बघायला लागले. मला संताप आला आणि रडूही आलं. खरं बोलून तिला काय मिळणार होतं? हरिदासभाऊ भिंतीला टेकून बसले होते, जेवत नव्हते, कोणी बोललं की फक्त "हो" म्हणत होते. मीही मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली आणि तिचे डोळे थोडे उघडले. हरिदासभाऊ बशीत ओतून तिला चहा पाजायला लागले. तिने एक घोट घेतला. मग आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"कोनाले जास्त चावल्या तं नाई ना?" तिने विचारलं.

"नाई," हरिदासभाऊ म्हणाले.

"मी थापा मारून राह्यली होती."

"काचा बंद होत्या," ते घाईघाईने म्हणाले. "अन् माश्यायचा आवाज. काईच ऐकू नाई आलं पाह्य."

"हो," धुरपता म्हणाली. "आवाज नसन आला."

हे खोकले. कमळा खिडकीकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं, सुटलो.

"पन मले तुमचे हात दिसत होते ना," ती म्हणाली. "दोनी हात."

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे वळवलं. हरिदासभाऊंच्या हातात चहाची बशी तशीच होती. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना, आणि ती त्यांच्या हातून घ्यायला आमच्यातलं कोणीही पुढे झालं नाही.